मिटलेल्या ओठांची बाहुली

हसा, हसा लेकांनो. झोपायच्या ओट्याखाली विस्तव आहे, पोटात गरम शेवया आहेत, म्हणून हसू येतंय. लुओ मानत्सांग माझा जोडीदार. तो पडद्यामागं चामड्याच्या बाहुल्या नाचवायचा, मी शेजारी बसून सारंगी वाजवायचो. रात्रीचं सगळं त्याच्या तोंडून ऐकलंय. सकाळी जे दिसलं, ते मात्र माझ्या या डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या साली दहाव्या महिन्याची पहिली रात्र. मेलेल्यांसाठी कागदी कपडे जाळतात ना, तीच. नदीपलीकडच्या गावात एका म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाला आमचा खेळ होता. तो उरकून आम्ही बाहुल्यांची पेटी मानत्सांगच्या घरी नेत होतो. तीनचाकी तो चालवत होता, मी मागं पेटी धरून.

"मुंडकी काढलीस ना रे सगळी?" मी विचारलं.

"काढली रे बाबा! तीस वर्षं काढतोय. आता तू शिकव मला!"

आमच्यात रीतच आहे तशी. खेळ संपला की प्रत्येक बाहुलीचं मुंडकं धडातून उपसायचं आणि वेगळ्या फडक्यात बांधायचं. मग राजा असो नाहीतर चोर. मुंडकं आणि धड जोडलेलं ठेवून रात्र जाऊ द्यायची नाही, नाहीतर बाहुली उठते म्हणतात.

पण त्या पेटीत एक नवी बाहुली होती. ह्वाईहुआची. मानत्सांगची एकुलती एक पोर. शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती, वसंतात तापानं गेली. गेली त्या रात्री तिनं बापाला फोन केला होता. आमचा खेळ चालू होता. खिशात फोन वाजतोय, वाजतोय... पण पडद्यामागचा दिवा लागला की खेळ अर्धा सोडायचा नसतो, आणि याच्या दोन्ही हातांत बाहुल्यांच्या काठ्या. खेळ संपल्यावर त्यानं फोन लावला, तर दवाखान्यातल्या कुणा परक्या बाईनं उचलला.

"काय सांगायचं असेल रे तिला?" उन्हाळाभर एवढंच विचारायचा.

मग त्यानं वासराचं चामडं घेतलं आणि तिचा चेहरा कोरला. नाकाचा शेंडा, कानामागची बट, सगळं हुबेहूब. ओठ तेवढे मिटलेले, तांदळाच्या दाण्याएवढे. आमच्या खेळातल्या तरुण पोरींचे ओठ तसेच कोरतात.

तर त्या रात्री 'काढली' म्हणाला, ते खोटं होतं. बाकी सगळ्यांची काढली. तिच्या मानेला हात लावला आणि तसाच मागं घेतला. पोटच्या पोरीची मान कुठला बाप उपसेल रे?

घरी आला. पोरीच्या नावानं अंगणात कागदी कोट जाळला. पेटी कोपऱ्यात ठेवली आणि ओट्यावर आडवा झाला.

मध्यरात्री उजेडानं जाग आली. समोर पडदा ताणलेला. मागं दिवा. त्यानं लावला नव्हता.

पडद्यावर सावली. एकटीच.

नाकाचा शेंडा... कानामागची बट...

"ह्वाईहुआ? पोरी, तूच ना गं?"

सावलीनं हात उचलला. कानाला लावला. फोन धरतात तसा.

"बोल गं... ऐकतोय मी. आता ऐकतोय..."

ती बोलेना. बोलणार कशी? ओठ मिटलेले. त्यानंच कोरलेले. सावली ओठांवरून हात फिरवत राहिली. पुन्हा. पुन्हा. मग मोठी व्हायला लागली. पडद्याबाहेर आली. भिंतीवर. आढ्यावर. तिथून खाली वाकली... त्याच्या कानापाशी.

आणि पोरांनो, बाप घाबरला. ज्या पोरीसाठी उन्हाळाभर रडला, तिलाच घाबरला. दुलई डोक्यावरून ओढली. दोन्ही कान गच्च दाबले...

उजाडल्यावर त्यानं मला बोलावलं. पडदा गुंडाळलेला. पेटीला कडी. कोरायच्या सुऱ्या माझ्या घरी, मीच धार लावायला नेलेल्या. मी पेटी उघडली. ह्वाईहुआचं मुंडकं धडापासून सुटं होतं, फडक्यात नीट बांधलेलं. मी गाठ सोडली.

ओठांच्या मधोमध चामडं चिरलेलं होतं. चीर ताजी. तोंड उघडं.

मानत्सांगनं त्या ओठांवरून बोट फिरवलं.

"बोलली रे ती," म्हणाला. "बोलली... आणि मी कान झाकून पडलो होतो."