खिशातली बटणं

“तुमच्या खिशात काहीतरी वाजतंय.”

दुकानात शिरल्यावर त्याचं पहिलं वाक्य हे. बाहेर घोडेगावचा बाजार भरलेला, मी शिडीवर चढून वरच्या फळीवरचा कुकर काढत होते, आणि कुर्त्याच्या खिशात — टक् … टक्.

“गोट्या आहेत,” मी म्हणाले. “तुम्हाला काय हवंय?”

“शेगडी. घरासाठी.”

“घर कुठंय?”

त्यानं अंगठ्यानं मागे दाखवलं. समोर एक जुनी स्कूलबस उभी. पिवळा रंग खरवडलेला, टपावर सोलर पॅनल, खिडकीला निळा पडदा.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई म्हणाली, “पावणं, चहा घेता का?”

तो थेट तिच्याकडे वळला. “घेतो की.” आणि पोत्यावर बसला, जणू रोजचाच.

इथंच माझं बिनसलं.

*

नाव भगवंत. पारगावचा. शेतात सोलर पंप बसवतो. काम असेल त्या गावात मुक्काम. आजवर लोकांच्या ओट्यावर झोपला, आता बसमध्येच राहणार. लाइटची तार नाही, शेजारी नाही.

“भगवंत? मग हात जोडून बोलायचं का तुमच्याशी?”

“आजोबांचं नाव आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही नुसतं ‘ए’ म्हणालात तरी चालेल.”

*

ही नको.

गॅसची, एका बर्नरची. “डिंभ्याच्या धरणावर बस लावलीत की वारा ज्योत विझवणार. गॅस जड, खाली साचतो. कळायचंही नाही.”

“तुम्ही शेगड्या विकायला बसलाय की न विकायला?”

“आधी माणूस जगू दे. मग गिऱ्हाईक.”

*

ही पण नको.

इंडक्शन. “माझ्याकडे सूर्य आहे,” तो टपाकडे बोट करून म्हणाला.

“मग तळेघरच्या धुक्यात शोधा त्याला. चहा होईपर्यंत बॅटरी बसेल. आणि … हिला जाळ दिसत नाही. तापलीय हे माणूस विसरतं. हात ठेवतं.”

“मी नाही विसरणार.”

मी काच पुसत राहिले. पुसलेलीच.

*

पुढच्या बाजाराला पुन्हा आला. त्याच्या पुढच्यालाही. आई प्रत्येक वेळी नव्यानं विचारायची, “पावणं, कुठल्या गावचं?” आणि तो प्रत्येक वेळी नव्यानं सांगायचा. एकदाही ‘मागे सांगितलं होतं’ म्हणाला नाही. मी पाठमोरी राहून ऐकायचे ते. कपबशीवरून त्याची नजर माझ्याकडे यायची, मी फळीकडे बघायचे. फळीवर काय होतं, विचाराल तर …

वातीचा स्टोव्ह काढला. मीच म्हणाले, “नको. याला पदर लागला तर —”

“कुणाचा पदर?” तो हसला. “मला पदर नाही, तेजस्विनी.”

पहिल्यांदा नाव घेतलं. मग हसू हळूहळू गेलं त्याचं. हात पुढे केला.

“दाखव त्या गोट्या.”

मी खिशात हात घातला. त्याच्या तळव्यावर ठेवली — दोन काळी बटणं. आमच्या घरच्या गॅसची.

“आईनं गॅस उघडा टाकला होता. दोनदा. आता स्वयंपाकघरातून निघाले की काढून घेते.”

तो आईकडे बघत राहिला. ती बशीतला चहा फुंकत होती.

“म्हणजे तू माझ्यासाठी शेगडी बघतच नव्हतीस.”

मी स्टोव्ह परत खोक्यात घालायला लागले.

“तिघांसाठी बघत होतीस.”

कान इतके तापले माझे. एवढं कुणी, कधी, मला पकडलं नव्हतं.

“बसमध्ये दोनच बाकं आहेत,” मी म्हणाले.

“तिसरं करतो.”

*

ही चालेल.

गॅसचीच, पण ज्योत विझली की आतून आपोआप बंद होणारी. त्यानं ती बसमधल्या ओट्याला बोल्टनं आवळली. तिसरं बाक केलं, खिडकीशी, आईसाठी. आणि थंडीतल्या एका सकाळी आम्ही तिघं तळेघरला गेलो. कापलेल्या भातखाचरांच्या कडेला, एका आंब्याखाली बस लावली.

नव्या घरात पहिलं दूध. आईनंच पातेलं ठेवलं, जवळ उभी राहिली. दूध वर आलं, आलं … आणि उतू गेलं. रीत म्हणून तिनं जाऊ दिलं, की विसरली? मला अजून माहीत नाही. ज्योत विझली. शेगडीच्या आत ‘कट्’ झालं, गॅस बंद.

“झालं घर,” आई म्हणाली.

दूध पुसायला फडकं मी उचललं, तर त्याचं दुसरं टोक त्यानं धरलेलं. दोघांनीही सोडलं नाही. आईच्या डोक्यावरून तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या वेळेपुरतं … त्या वेळेपुरतं सगळं झालेलं होतं.

*

परतताना आईला खिडकीशी झोप लागली. शिनोलीला रस्त्याकडेला थांबलो.

आई उठली. दार उघडलं. खाली उतरली. आंबा नव्हता. खाचरं नव्हती. पुन्हा आत गेली, पुन्हा उतरली, चुकीचं दार उघडलं असेल म्हणून परत उघडून बघावं तशी. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा रडत होती.

“पावणं, माझं घर बगितलं का हो? इथंच व्हतं.”

त्यानं तिचा हात धरला. “हेच घर आहे, आई.”

“न्हाई. घर काय जागा सोडतं व्हय?”

तसंच घोडेगावला आणलं तिला. दुकानात आली, खुर्चीवर बसली. न बघता हात मागे गेला, चष्म्याची डबी होती तिथंच. डोळे पुसले.

“पावणं, चहा घेता का?”

*

“बस इथंच लावतो,” तो म्हणाला.

“आणि पंप? ते इथं चालत येतील?”

“मग आईंसाठी कुणीतरी —”

“कोण?”

त्याला नाव सुचलं नाही. मलाही कधीच सुचलं नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, “मी वाट बघीन.”

“कशाची, भगवंत?”

त्याचं तोंड उतरलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं, आणि आई चार हातांवर बसून चहा फुंकत होती.

मी खिशातून एक बटण काढून त्याच्या मुठीत दाबलं.

“हे माझ्या शेगडीला बसायचं नाही,” तो म्हणाला.

“माहितेय.”

मूठ मिटली. बस फाट्याला वळेपर्यंत निळा पडदा दिसत होता.

“पावणं कोन व्हतं गं?” आईनं विचारलं.

“गिऱ्हाईक.”

“बरं व्हतं.”

*

आता घरी एकच बटण. या बर्नरला लावते, भात करते. काढते, त्या बर्नरला लावते, आमटी करते. निघताना खिशात टाकते. दुकानात शिडी चढते, उतरते.

काही वाजत नाही. एकटं बटण वाजत नाही.