माजघरातलं पाऊल

मी सोमवारी कुणाशी धड बोलत नाही. सोमवार सारवणाचा. त्या दिवशी घर पाहुण्यांसाठी बंद असतं, दारावर तशी पाटी आहे, आणि ती पाटी मी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली आहे. तरीही एक माणूस ती न वाचता सरळ आत आला, आणि पुढे जे काही घडलं ते त्याच्यामुळे घडलं. माझ्यामुळेही थोडं घडलं, पण ते मी नंतर सांगते.

घर म्हणजे क्रांतिवीर येसाजींचं. आंबेनळीच्या घाटाला लागायच्या अलीकडे, सडेकोंड म्हणून आमचं गाव आहे, तिथे ते जन्मले. अकरा वर्षांचे होईपर्यंत ह्या घरात वाढले, मग मुंबईला गेले, बेचाळीसमध्ये पकडले गेले. पोलिसांनी सोबत्यांची नावं विचारली, त्यांनी एकही सांगितलं नाही, आणि तुरुंगातच गेले. वय वर्षं एकोणीस. दोन वर्षांपूर्वी स्मारक समितीने घर जसं होतं तसं पुन्हा उभं केलं... तीच कौलं, तीच ओटी, तीच शेणाने सारवलेली जमीन. आलेल्यांना घर दाखवायचं आणि जमीन सारवायची, ही दोन्ही कामं माझ्याकडे. मी श्रुतिका. इतिहासात बी. ए. केलंय, पण गावात माझं नाव सारवणाने झालं.

तर जुलैतला सोमवार. माजघर नुकतंच सारवून मी मागे हात धुवायला गेले होते. परत येते तो काय — एक उंच मुलगा, रेनकोट निथळतोय, बूट मात्र शहाण्यासारखे बाहेर काढलेले, आणि उजवा पाय माझ्या ओल्या जमिनीवर चांगला टेकलेला. डावा अजून हवेत.

“थांबा,” मी ओरडले.

तो थांबला. म्हणजे खरोखरच थांबला, एका पायावर, बगळ्यासारखा. मी त्याला दहा गोष्टी ऐकवल्या. पाटी वाचता येत नाही का, शाळेत गेला होता का, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू विचारलं, “आता दुसरा पाय कुठे ठेवू... तेवढं सांगता का?”

मला हसू आलं. ते मी दाबलं, पण त्याने पाहिलं असावं. मी त्याला मागच्या मागे उडी मारून ओटीवर जायला लावलं. म्हणून माजघरात एकच पाऊल राहिलं, उजवं, पाचही बोटं उमटलेलं.

नाव अश्विन. वरंधचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्टला, सोमवारी सुट्टी. बहिणीकडे महाबळेश्वरला निघाला होता, घाटात दरड आली म्हणून अडकला. दरड काढेपर्यंत तो ओटीवर बसला आणि मी त्याला येसाजींची गोष्ट सांगितली. खरं तर सोमवारी मी कुणाला सांगत नाही. तो ऐकताना मान हलवत नव्हता, मोबाइलकडे बघत नव्हता... नुसता बघत होता. शेवटी म्हणाला, एकोणीस म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढे. असं बोलणारा पहिलाच पाहुणा तो. बाकीचे सगळे जय म्हणतात आणि फोटो काढतात.

पाऊल मी तेव्हाच पुसायला हवं होतं. शेण संपलं होतं, हे खरं. पण मूठभर शेण शेजारी मिळालं असतं, हेही खरं.

मंगळवारी सकाळी बयाआजी आली. ती येसाजींची धाकटी बहीण, पंचाण्णव उलटलेली, शेजारच्याच घरात राहते. रोज भावाच्या तसबिरीला फूल वाहते. त्या दिवशी ती माजघरात बराच वेळ वाकून उभी राहिली, आणि हातातली जास्वंद तिने त्या पावलावर ठेवली. डोळे पुसले आणि निघून गेली.

थोड्या वेळाने पोलादपुरातली शाळा आली. बाईंनी फूल पाहिलं, मुलांना रांगेने नमस्कार करायला लावला. मी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. बयाआजीचे ओले डोळे आठवले. शनिवारपर्यंत ते पाऊल कुणाच्या तरी मोबाइलवरून भोरपर्यंत पोचलं होतं. लोक यायला लागले. कुंकू पडलं, तांदूळ पडले. येसाजी अकराव्या वर्षी मुंबईला गेले, हे मीच सगळ्यांना सांगत होते, आणि समोर नऊ नंबरचं पाऊल होतं. जमीन दर आठवड्याला सारवली जाते, हेही सांगत होते. पण एकाही शहाण्याने विचारलं नाही की मग हे टिकलं कसं. एकदा नमस्कार घडला की माणसं हिशेब करत नाहीत.

पुढच्या सोमवारी मी पाऊल सोडून कडेकडेने सारवलं. तेवढ्यात अश्विन आला. ह्या वेळी उंबऱ्याबाहेरूनच डोकावला. पावलावरचं कुंकू पाहिलं आणि असा काही हसला की मला त्याच्या तोंडावर हात ठेवावा लागला. हात शेणाचा होता. मग आम्ही दोघंही हसलो, आणि त्या हसण्यात कधीतरी तुम्हीचं तू झालं.

“पुसून टाक की,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बयाआजीला काय सांगू? ते कारण होतंच. दुसरं कारण मी मनातल्या मनातही नीट म्हणत नव्हते — पाऊल गेलं तर हा सोमवारचा कशाला येईल?

बोलता बोलता मी तक्रार केली होती की हल्ली गावात गावठी गायी उरल्या नाहीत, जर्सीच्या शेणाने जमीन धरत नाही, पोपडे सुटतात. तिसऱ्या सोमवारी बाइकच्या मागे झाकण लावलेली बादली बांधून हा हजर. वरंधच्या त्यांच्या गोठ्यातलं गावठी गायीचं शेण, अख्खा रस्ता सांभाळून आणलेलं. माझ्या मैत्रिणींना गुलाब मिळतात, चॉकलेटं मिळतात. समीक्षाला तर मुंबईहून घड्याळ आलं. मला शेण. आणि खरं सांगते, त्या घड्याळाशीही मी ती बादली बदलली नसती.

“चांगलं आहे?” त्याने विचारलं.

“बरं आहे,” मी म्हटलं. एवढं कौतुक पुरे.

ऑगस्ट लागला आणि हैबतीकाका मुंबईहून आले. ते समितीचे अध्यक्ष, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचेही तेच. घर उभं करायला त्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी पाऊल पाहिलं, चप्पल नसतानाही पुन्हा एकदा पाय झटकले, आणि जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ह्यावर काचेची पेटी बसणार. खाली पितळी पाटी. पाटीवरचा मजकूर त्यांनी मलाच लिहायला सांगितला.

तीन दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले. तोवर मी तोंडाने एकदाही म्हटलं नव्हतं की हे पाऊल येसाजींचं आहे. नाही असंही म्हटलं नव्हतं, पण गप्प राहणं निराळं आणि स्वतःच्या हाताने पितळेवर खोटं लिहिणं निराळं. ज्या माणसाने जीव गेला तरी पोलिसांपुढे तोंड उघडलं नाही, त्याच्या घरात मी तोंड उघडत नव्हते... कशासाठी? नोकरी जाईल म्हणून. आजी दुखावेल म्हणून. आणि एक मुलगा यायचा थांबेल म्हणून.

अश्विनला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, मी येऊन कबूल करतो, पाय माझा, तुझं नाव येणार नाही. मी चिडले. फूल पडल्यावर गप्प बसले ती मी, आणि कबूल हा करणार. मी फोन ठेवून दिला. मग पुन्हा लावला आणि म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, आधी जेव, मग बोलू.

चौदा तारखेला सकाळी मी बयाआजीकडे गेले. ती नाचणीची भाकरी थापत होती. मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, एका दमात, तिच्याकडे न बघता. आजीने भाकरी उलटली.

“मला येडी समजतेस काय गो?” ती म्हणाली. “दादा म्हमईला गेला तवा अकरा वर्सांचा होता. त्याचा पाय माज्या हाताएवढा. त्यो पाय दादाचा नाय, मला पैल्याच दिवशी कळलं.”

“मग फूल का ठेवलंस?”

तिने तवा खाली उतरवला. “घर नवं केलंत, झ्याक केलंत. पन दोन वर्सं झाली, हितं कोन ओल्या पायानं आलं नाय. सगळी भायेर चपला काडतात, हात जोडतात, जातात. घर हाय का देऊळ, कळंना मला. त्या दिवशी बगते तर पाय उठलेला. म्हटलं, आलं बाय कोन तरी घरात... म्हून फूल ठेवलं. देवाला नाय ठेवलं.”

मला रडू आलं. आजीने पिठाच्याच हाताने माझा गाल पुसला आणि विचारलं की त्या पायाचा धनी कुठला. वरंधचा, मी म्हटलं. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

“सारव जा,” ती म्हणाली. “सारवल्याबिगर घर ऱ्हात नाय. नि त्याला सांग, येत जा म्हनावं.”

मी गेले. वार गुरुवार होता, सोमवार नव्हता. कुंकू निपटलं, तांदूळ वेचून अंगणात चिमण्यांना टाकले, शेण कालवलं. पावलाच्या टाचेपासून सुरुवात केली. हात फिरवताना एकदा थांबले, करंगळीशी. मग तीही गेली.

जमीन अजून ओली होती तोच हैबतीकाका काचेची पेटी घेऊन आले, सोबत गावातले चार जण. त्यांनी माजघर पाहिलं. चेहरा आधी पांढरा, मग लाल. मी उभी राहून सांगितलं की पाऊल येसाजींचं नव्हतं, मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मी गप्प राहिले ही माझी चूक. 

तेवढ्यात बाइक थांबली. अश्विन रात्रपाळी संपवून तसाच आला होता, कपड्यांना अजून कारखान्याचा वास होता. ओटीवर येऊन त्याने सरळ सांगितलं, “पाय माझा होता, काका. ती मला थांबवत होती.”

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. येसाजींच्या नावाचा तमाशा केलात, म्हणाले. मग मला म्हणाले, तुला कामावर ठेवायची की नाही ते समिती ठरवील. मी मान हलवली. मागून काठी टेकत बयाआजी येत होती, ती ओटीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, समितीला सांग, दादाच्या भैनीला पन विचारा. काकांनी तिला हात जोडले. पण राग कुठेतरी निघायला हवा होता. ते माझ्याकडे वळले.

“आणि हा कोण तुझा? दर सोमवारी इथे काय करतो? गावात सगळे विचारतायत.”

 आमच्याकडे असा प्रश्न चारचौघांत विचारला की मुलीने मान खाली घालायची असते. अश्विनने तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं... मग मिटलं. माझ्या परवानगीशिवाय तो एक अक्षर बोलणार नव्हता. मला सांगता आलं असतं, ओळखीचा आहे. बहिणीकडे जाताना थांबतो. दोन्ही खरंच होतं, आणि अर्धंच खरं होतं. अर्ध्या खऱ्याने मला महिनाभर काय छळलं होतं, ते माझं मला माहीत.

“मी ह्याच्याशी लग्न करणार आहे,” मी म्हटलं. “त्याला अजून विचारलेलं नाही.”

हैबतीकाकांनी हातातली पेटी खाली ठेवली. मी अश्विनकडे वळले. कान तापले होते, कोपरापर्यंत शेण होतं, आणि माघार घ्यायला आता जागा नव्हती.

“करशील?”

त्याने खिशातून रुमाल काढून माझ्या शेणाच्या हातात दिला.

“मी जुलैपासून हो म्हणून बसलोय,” तो म्हणाला. “तूच विचारत नव्हतीस.”