मे महिन्यात वाढणारी विहीर

"उत्कर्षे, आणखी एक पायरी बुडाली!" ओंकार विहिरीच्या काठावरून बोंबलला. "आज तर मी सूर मारणारच!"

"खबरदार! आधी अंगावरचं पुरळ बघ आणि मग सूर मार!" उत्कर्षाने चुलतभावाचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं.

आठ दिवस ओंकार त्या पाण्यात डुंबत होता आणि आता अंग खाजवून खाजवून बेजार झाला होता. घरचे म्हणाले, उष्णता! सब्जा पाजला, चंदन लावलं. पुरळ काही हटेना.

पण विहिरीचं कौतुक काय सांगावं! मे महिन्यात महाळुंग्यातल्या सगळ्या विहिरींनी तळ गाठला होता आणि यांची मात्र रोज वाढत होती. उत्कर्षाचे अण्णा, म्हणजे भैरूशेठ, नुसते हवेत होते. त्यांनी विहिरीला नारळ फोडला, हार घातला. वर भाड्याच्या चाळीस खोल्यांपर्यंत नवी पाइपलाइनसुद्धा टाकली! शुक्रवारी सकाळी नळ सुटणार होते.

त्यातल्याच एका खोलीत उत्कर्षाच्या वर्गातला संघर्ष राहायचा. सुट्टीचा उद्योग म्हणून तो रोज संध्याकाळी विहिरीच्या भिंतीवर गेरूने पाण्याची खूण करायचा. आज तो त्या खुणांकडे एकटक बघत बसला होता.

"अगं, दर गुरुवारी पाणी उतरतंय. सलग तीन गुरुवार!"

"विहिरीचा गुरुवारचा उपास असेल!" ओंकार खिदळला.

"गप रे! मोटर तर रोजच चालते, गोठ्यासाठी. मग गुरुवारीच का उतरतं?" उत्कर्षा म्हणाली आणि एकदम थबकली. "संघर्ष, गुरुवारी सुट्टी कोणाला असते?"

"कंपन्यांना! इथल्या सगळ्या कंपन्या गुरुवारीच बंद असतात!"

तिघांच्याही माना एकदमच वळल्या. विहिरीमागे अण्णांनी भाड्याने दिलेल्या जागेत एक शेड होती. तिथे लोखंडी भागांना चकाकी चढवायचं काम चालायचं. शेडच्या मागे अण्णांची जुनी, कोरडी बोअर होती आणि तिच्यावर झळकत होता हिरवागार फलक: 'जलपुनर्भरण प्रकल्प'. कंपनी पावसाचं पाणी जमिनीत मुरवणार म्हणून अण्णांनी खुशीने परवानगी दिली होती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिघं वही घेऊन शेडवर हजर!

"काका, शाळेचा प्रकल्प आहे. तुमची माहिती मिळेल का? व्हिडिओ काढला तर चालेल?" उत्कर्षाने अगदी साळसूद चेहरा केला.

व्हिडिओ म्हटल्यावर मॅनेजर अजिंक्यरावांनी केसांवरून कंगवा फिरवला. फलकाशेजारी ऐटीत उभे राहिले. "लिहून घ्या बाळांनो! आमची कंपनी रोज दहा हजार लिटर पाणी जमिनीला परत देते!"

"रोज? अबब!" संघर्षने लिहिता लिहिता मान वर केली. "पण काका, पाऊस तर जूनमध्ये येतो ना?"

अजिंक्यरावांचं हसू तोंडातच राहिलं. "म्हणजे… ते आपलं… शेडमधलं धुण्याचं पाणी असतं. चला, पळा आता!"

तेवढ्यात ओंकारने बोअरचं झाकण सरकवलंसुद्धा! आत पाइपमधून पाणी भळाभळा पडत होतं. पिवळंजर्द! असा उग्र भपकारा आला की तिघांचेही डोळे चुरचुरले. उत्कर्षाने मोबाइल त्या पाण्यावर धरला. बाप रे! हे पाणी जमिनीतून झिरपून विहिरीत? जिला आपण हार घातला, तिच्यात? आणि परवा हेच नळाला येणार! संघर्षची बहीण मिनल जेमतेम सात महिन्यांची होती. तिला हे पाजणार?

अण्णांनी व्हिडिओ पाहिला, पण मान हलवली. "आगं, धुण्याचं पानी म्हंतोय त्यो. इतकी वरसं कुनाची हिर मे म्हैन्यात वाढली न्हाई, आपली वाढली! आन् तुमी नाट लावताय व्हय?"

"अण्णा, उद्या गुरुवार. शेड बंद. संध्याकाळपर्यंत दोन पायऱ्या उघड्या पडतील," उत्कर्षा म्हणाली. "नाही पडल्या, तर शुक्रवारी नळाचा पहिला पेला मी पिते! सगळ्यांच्या देखत!"



गुरुवारी सकाळपासून अण्णा स्वतः काठावर बसून होते. जेवायलाही उठले नाहीत. ऊन कलता कलता एक पायरी उघडी पडली. मग दुसरी. दोन्ही दगडांवर पिवळट थर साचला होता. अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या ओंकारच्या पुरळ उठलेल्या पाठीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"देवा! ह्या हातांनी नारळ फोडला म्या!"

मग मात्र ते वाऱ्यासारखे धावले! पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, शेडला आपलं कुलूप ठोकलं, ओंकारला दवाखान्यात नेलं आणि प्रदूषण मंडळाला फोन लावला.

शुक्रवारी सकाळी चाळीस खोल्यांतली माणसं हंडे-कळश्या घेऊन नळापाशी जमली. मंडळाच्या विजयश्री मॅडम पाण्याचे आणि तळच्या गाळाचे नमुने घेऊन नुकत्याच वर आल्या होत्या. अजिंक्यराव खाली मान घालून त्यांच्या सहायकाला जबाब देत होते.

अण्णांनी सगळ्यांपुढे हात जोडले. "नळ सुटनार न्हाईत. ह्ये पानी इखारी हाय. ज्याला म्या देवाची किरपा समजलो, ती कारखान्याची घान निघाली! आजपास्नं टँकर येईल, माझ्या खर्चानं. आन् चूक माझी हाय. माझ्या जागेत काय चाललंय, त्ये म्या कंदी वाकून बघितलं न्हाई. ह्या पोरांनी बघितलं!"

"शाब्बास रे!" विजयश्री मॅडम म्हणाल्या. "पाणी कमी झालं की आमच्याकडे तक्रारी येतात. पाणी वाढलं म्हणून शंका घेणारे तुम्हीच पहिले!"

"मग विहीर कधी साफ होईल?" ओंकारने विचारलं.

"वर्षं लागतील, बाळा. कदाचित खूप वर्षं."

गर्दीतून संघर्षची आई, कस्तुराताई, पुढे आली. तिच्या एका हातात रिकामी कळशी होती आणि कडेवर मिनल.

"आज हिला पहिल्यांदा भाताची पेज भरवणार होते, या नळाच्या पाण्यातली," ती म्हणाली. तिने कळशी खाली ठेवली आणि मिनलला उत्कर्षाच्या हातात दिलं. उत्कर्षाने तिला घट्ट छातीशी धरलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला आवरलं नाही.