हसनाबादच्या आभाळातला ठसका

जालन्याच्या धावपट्टीवरून उडायचं, हसनाबादच्या शाळेच्या मैदानावर चुन्यानं काढलेली खूण वरून वाचायची आणि इंजिनाविना परत धावपट्टीवर येऊन टेकायचं! १९९१च्या मार्चमध्ये भरलेल्या ग्लायडर शिबिराची ही कसोटी होती. पुढच्या मोठ्या शिबिरासाठी जागा एकच, आणि ती सत्यशीलाला हवी होती.

नियम मात्र सगळ्यांना सारखे नव्हते. वसंता आणि रामकिसन अर्ध्या वाटेतच शेतात उतरले, तरी त्यांना दुसरी संधी होती. काल बेबीनंदा राजूरच्या डोंगरापलीकडं उतरली, तर सर्जेराव सरांनी तिचं नावच कापलं.

"पोरींची जोखीम एकदाच," सर म्हणाले. "काही झालं तर तुमच्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"आणि वसंताच्या आईला?" सत्यशीलानं पट्टे आवळत विचारलं.

"बडबड नको! शेतात उतरलीस की तुझंबी शिबिर संपलं."

धावपट्टीच्या टोकाला असलेल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, विंचनं, दोर खेचला. ग्लायडर धावलं, उचललं, नाक थेट आभाळात! दोर सुटला आणि मागं उरला फक्त वारा.

खाली ज्वारी निघालेली पिवळी रानं, नांगरलेल्या काळ्या मातीचे पट्टे आणि मोसंबीच्या बागांचे हिरवे चौकोन संथपणे मागं सरकत होते. जिथं घारी पंख न हलवता वर चढत, तिथं तीही शिरायची, गिरक्या घेत उंची कमवायची आणि ती उंची खर्चत उत्तरेकडं सरकायची. राजूरच्या डोंगरावर तर ती इतकी वर गेली, की मनातल्या मनात सरांशी भांडून मोकळीही झाली.

तिथंच चुकलं. गिरजा नदीच्या पात्रावर हवा मेली!

ग्लायडर खाली बसू लागलं. हसनाबाद आलं. मैदान दिसलं. पांढरा त्रिकोण, मधोमध फुली. वाचली! पण उंचीचा काटा उतरतच होता आणि आभाळात एकही घार नव्हती.

गावाबाहेरचं एक पडीक रान तिनं हेरलं. धसकटं नाहीत, बांध लांब. इथं जीव वाचेल, विमान वाचेल. शिबिर संपेल. ओठ चावत तिनं उतरण्यासाठी वळण घेतलं.

आणि तिला शिंक आली! पाठोपाठ सणसणीत ठसका. घसा जळाला.

मिरची?

तिनं वाकून पाहिलं. डावीकडं खाली माळावर लालभडक मिरची वाळत पडली होती; तोंडाला पदर बांधलेल्या बाया ती उलथत होत्या. हे तिच्या मामाचं गाव. दुपारी माळवदावर झोपायला निघालेल्या पोरांना मामी दर उन्हाळ्यात ओरडायची, "वर नका जाऊ रे! दुपारची मिरची खाली बसत न्हाई, माळवदावर चढती."

ठसका इथवर चढलाय, म्हणजे हवा वर येऊन राह्यली!

एकच गिरकी. नाही उचललं तर सरळ रानात, हट्ट नाही. तिनं डावा पंख झुकवला. ग्लायडरला खालून धक्का बसला. काटा थरथरला. थांबला. वर!

पण डोळ्यांत जाळ! धारा लागल्या, नाक वाहू लागलं, काटे धूसर झाले. हात दांड्यावरून काढायची सोय नव्हती. "मिटायचं न्हाई!" ती स्वतःवरच ओरडली. गिरकी. ठसका. गिरकी. "चढ! चढ की गं माय!"

माळ लहान होत गेला. बाया ठिपके झाल्या. मिरचीचा वास विरला आणि थंड हवा गालांवर आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. पाठीशी वारा घेऊन ती दक्षिणेकडं निघाली आणि धावपट्टीच्या कुंपणावरून जेमतेम सरकत टेकली.

धावत आलेल्या सरांच्या कानाशी तिनं खूण सांगितली.

"बराबर!" सर उद्गारले. "पण डोळे लाल कशानं? रडलीस?"

"मिरची लागली."

"वर काय भजे तळून राह्यल्ती?" वसंता खिदळला.

"जागा सध्या तरी तुझी," सर म्हणाले. "उतर खाली. वसंताला बसू दे."

तिनं पट्टे सोडले नाहीत. "आधी बेबीनंदा."

"तिचं नाव कापलंय."

"मंग मी न्हाई उतरत."

"तुझंबी कापीन!"

"कापा. पण विमान एकच आहे, सर, आणि त्यात मी बसलेली आहे."

ऊन टळटळत होतं. शेवटी वसंताच वैतागला, "उडू द्या ना सर तिला. न्हाईतर हिच्या पायी आमचाबी दिवस जाईल!"

सरांनी टोपी काढून घाम पुसला. बराच वेळ पुसला. "बोलवा तिला."

बेबीनंदा पळत आली. सत्यशीला उतरली, तसा बेबीनंदानं तिचा दंड धरला. "येडी का गं तू? मी परत आले तर जागेवर माझाबी हक्क लागंल."

"मंग झगडू की! आधी ऐक. गिरजेवर हवा मरती, तिथं घाबरायचं न्हाई. हसनाबादच्या माळावर मिरची वाळत घातलीय. ठसका लागला की डावीकडं वळ." सत्यशीलानं स्वतः वाकून तिचे पट्टे आवळले. "आणि काही झालं तरी डोळे मिटू नको!"

मग बाजूला होत तिनं इशाऱ्याचा हात वर केला. विंचनं दोर ओढला.