शेवटचा 'नाही'

ट्रकवाल्याचा ठोसा असा बसला, की मामा खुर्चीसकट मागे कोसळला. ओठ फाटला. ट्रकवाल्याने त्याला कॉलर धरून उठवलं आणि दुसरा ठेवून दिला.

"माझ्या भावाचा पाय मोडला तुझ्यापायी!"

"मला निरोप आला, 'आत्ता उडवायचं.' मी सुरुंग उडवला," मामा रक्त पुसत म्हणाला.

"मी 'आत्ता उडवायचं नाही' म्हणालो होतो," मुकादम म्हणाला. "दुपारची सुरुंगांची रांग तेवढी उडवून टाक, दारू भरलेली भोकं तशी ठेवता येत नाहीत. मग मालक पोलिसांना बोलावतील."

दगडखाणीच्या ऑफिसच्या खिडकीला नाक लावून टिवटिव हे बघत होती. सुटीला मामाकडे आल्यापासून तिची बडबड थांबली नव्हती. मामाच्या हातात बेड्या?

"बाबा खोटं बोलत नाहीत," तिचा मामेभाऊ ढब्बू रडवेला होऊन म्हणाला.

"आणि मुकादमही बोलत नसेल, तर मधला 'नाही' कोणी खाल्ला?" टिवटिव म्हणाली.

खाण आणि मामाची सुरुंग उडवायची खोली यांच्यामध्ये टेकडी होती. वॉकीटॉकीचा आवाज थेट पोचत नसे, म्हणून टेकडीवरचा पहारेकरी मुकादमाचा निरोप ऐकून मामाला सांगायचा. संशय अर्थातच त्याच्यावर. मामाने खेळायला दिलेला जुना वॉकीटॉकी घेऊन दोघं टेकडी चढली.

पण पहारेकरी चोख निघाला. आलेला शब्द न शब्द तो पुढे देत होता. टिवटिवचं तोंड पडलं. तेवढ्यात खाली ट्रकवाला खाणीत शिरताना दिसला. अडकलेला ट्रक काढायला निघाला होता शहाणा! मुकादमानेही त्याला पाहिलं, घाईने वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"आत्ता उडवायचं," आवाज आला आणि तुटला. मुकादमाने वॉकीटॉकी कमरेला अडकवलाही होता, आणि त्याचे ओठ अजून हलत होते.

टिवटिवच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मामी हौस म्हणून घरच्या वायरलेसवर लांबलांबच्या लोकांशी बोलायची. तिने पहिल्याच दिवशी दम भरला होता, "बोलून झालं की मनात एक म्हणा, मग बटण सोडा, नाहीतर शेवटचा शब्द कापला जातो. आणि समोरच्याकडून निरोप वदवून घ्या."

पहारेकऱ्याने बटण दाबलं. "आत्ता उड..."

टिवटिव त्याच्या मनगटाला कडकडून चावली. तो ओरडला, त्याचा वॉकीटॉकी दगडावर आपटला. तिने स्वतःचा उचलला, बटण दाबलं, मनात एक म्हटलं.

"मामा, थांब. थांब. माणूस आत आहे. परत म्हण."

खरखर. तिने वॉकीटॉकी कानाला घट्ट लावला.

"थांबतो. माणूस आत आहे," मामाचा आवाज आला.

ढब्बूने खाली धावत जाऊन ट्रकवाल्याला बाहेर काढलं. दोघं लांब गेल्यावर टिवटिवने मामाला तसं कळवलं, मग सुरुंग उडाला. टेकडी हादरली आणि घमेल्याएवढा दगड ट्रकच्या टपातून आत घुसला. ट्रकवाल्याची सीट चेपून गेली.

ऑफिसात मालकांसमोर मुकादम छाती ठोकून म्हणाला, "मी 'नाही' म्हणालो होतो."

"म्हणालात, पण बटण सोडून," टिवटिव म्हणाली. "आता परत म्हणा. ढब्बू भिंतीपलीकडे ऐकतोय."

मुकादमाने बटण दाबलं, म्हटलं, सोडलं. पलीकडून ढब्बू ओरडला, "आत्ता उडवायचं!"

मुकादमाचा चेहरा पडला. ट्रकवाला मूठ वळून त्याच्याकडे झेपावला, तर मामानेच त्याचा हात धरला.

"आजची मारामारी पुरे झाली."

मालकांनी तिथल्या तिथे मुकादमाचा वॉकीटॉकी काढून घेतला. "उद्यापासून 'थांबा' आधी, बाकीचं नंतर. आणि निरोप परत म्हटल्याशिवाय सुरुंगाला हात लावायचा नाही. पोरीनं आज माणूस वाचवला."

"दातही चांगले आहेत तिचे," पहारेकरी मनगट चोळत म्हणाला.

ट्रकवाला मामाच्या सुजलेल्या ओठाकडे बघत उभा होता. मग मान खाली घालून पुटपुटला, "चुकलो."

मामाने टिवटिवकडे पाहून डोळा मिचकावला. "परत म्हण."

"चुकलो," ट्रकवाला म्हणाला. या वेळी सगळ्यांना नीट ऐकू गेलं.