भाताला छत्री

पाऊस आला की आडोसा शोधत पळणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. पण ढग दाटून येताच स्वतःचं डोकं सोडून भाताच्या रोपांवर छप्पर ओढायला धावणारा माणूस… असलं ध्यान ती पहिल्यांदाच पाहत होती!

भात संशोधन केंद्राच्या फाटकापाशी सायकल टेकवून ती बघतच राहिली. आत रुळांवर प्लास्टिकच्या पत्र्यांचं लांबलचक छप्पर होतं आणि गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक तरुण ते एकटाच ढकलत होता. छप्पर ढिम्म हलत नव्हतं.

“अहो, बघत काय उभ्या राहिलात? हात लावा ना!”

ओळख ना पाळख, पण ती धावली. दोघांनी खांदा लावला तशी चाकं करकरली, छप्पर घरंगळत वाफ्यांवर गेलं आणि त्याच क्षणी वर टपटप सुरू झाली.

“वीज गेली की मोटर बंद,” तो धापा टाकत म्हणाला. “आणि पाऊस आला की वीज जाणारच.”

“पण सगळे पावसाकडे डोळे लावून बसलेत आणि तुम्ही भाताला छत्री धरताय?”

“मी याला मुद्दाम तहानलेलं ठेवतोय. कुठलं वाण तहान सोसतं ते बघायचंय. एकदा का भिजलं, की यंदाचा प्रयोग संपला.”

तिने पिशवीतून मूठभर भात काढून तळहातावर ठेवलं आणि जोरात फुंकर मारली. निम्मे दाणे भुर्रकन उडून गेले.

“आमच्या वरच्या शेताचं दर वर्षी हे असं. खालच्या शेतात भरलेला दाणा, वर नुसता पोचट. का?”

तो दाण्यांकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होता. कपाळावर चिकटलेली बट, डोळ्यांत नुसतं कुतूहल. मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

“फुलोऱ्यात पाऊस ओढ देत असेल. शेत बघावं लागेल.”

“मग या की!”

तिची घाई उगीच नव्हती. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, यंदा वरचं शेत पोचट निघालं तर पुढच्या वर्षीपासून ते पडीक आणि हिची रवानगी शहरात, आत्याच्या कपड्यांच्या दुकानात. आत्या मायेची होती, दुकानही चांगलं चालत होतं. पण तिथे दिवसभर एकच प्रश्न, याच्यात मोठी साईज आहे का? आणि तिला तर जगातलं सगळंच विचारायचं होतं.

तो आला. शेताच्या कडेने हिंडला, उकिडवा बसून मातीत बोटं खुपसली.

“पाणी तुमच्याकडे येतं, पण थांबत नाही. बांध उंच करा आणि पाणी बाहेर जातं ती ही मोरी बंद ठेवा. पडेल तो पाऊस शेतातच मुरला पाहिजे. आणि तण काढा, ते भाताच्या आधी पाणी पिऊन बसतं.”

बाप-लेकीने बांध चढवला. कधीमधी तोही टोपल्या उचलायला येऊ लागला. ती त्याला ‘छत्रीवाले’ म्हणायची, तो तिला ‘चौकशी खिडकी’. खिडकी कधी बंद म्हणून होत नसे.

“भाताला तहान लागली हे कळतं कसं?”

“दुपारी पानं सुरळीसारखी गुंडाळतात. जे उशिरा गुंडाळतं ते सोशीक.”

“आणि माणसाचं?”

“माणसावर अजून प्रयोग केला नाही.”

“करायचा विचार आहे?”

“आहे… पण वाण फार प्रश्न विचारतं.”

ती हसली आणि उगाचच तणाची मुळं झटकत बसली. कान मात्र लाल झाले होते. त्याने पाहिले नसतील असं तिला वाटलं. त्याने पाहिले होते.

फुलोऱ्याच्या तोंडावर पावसाने दडी मारली. वरच्या शेताला भेगा पडायला लागल्या. बाबांनी आत्याला फोनही करून टाकला. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दुकानाचं दुःख होतंच, पण छत्रीवाला दिसणार नाही, हा विचार त्याहून जास्त टोचला. तेव्हा तिचं तिलाच कळलं की आपलं काहीतरी झालंय.

मग एका दुपारी बाजारातून परतताना वारं सुटलं, आभाळ काळंकुट्ट झालं. सायकल तिठ्यावर आली आणि तिला एकदम आठवलं. निंदणीच्या वेळी पाणी काढून टाकायला उघडलेली मोरी तशीच उघडी होती! आलेलं पाणी सगळं वाहून जाणार. बाबाही गावाला गेलेले. उजवीकडे शेत. पण डावीकडे केंद्र… वीज एव्हाना गेलेली, त्याचा मदतनीस रजेवर, आणि तो एकटा. त्याचं वर्षभराचं काम.

तिने हँडल डावीकडे वळवलं.

केंद्रात चिटपाखरू नव्हतं. “छत्रीवाले! अहो!” तिने छपराला खांदा लावला. हलेना. चाकाखाली अडकवलेला दगड दिसला, तो लाथेने उडवला आणि जीव खाऊन रेटा दिला. छप्पर इंचाइंचाने सरकलं, मग एकदम घरंगळलं. पाऊस कोसळला तेव्हा आतलं भात कोरडं होतं. ती तिथेच रुळावर बसली आणि आपल्या शेतासाठी हमसाहमशी रडली.

पाऊस ओसरल्यावर तो आला. नखशिखांत भिजलेला, अंगावर रेनकोट नाही. झाकलेले वाफे बघून जागच्या जागी थबकला.

“हे… तुम्ही?”

“तुम्ही कुठे होतात?” ती डोळे पुसत ओरडली.

“तुमच्या शेतावर. काल जाताना मोरी उघडी दिसली होती. तेच सांगायला फोन केला, तर तुम्ही बेडूक कोरड्यात कुठे जातात ते विचारत बसलात… आणि सांगायचंच राहिलं. हाताशी फावडं नव्हतं. रेनकोटात चिखल भरला आणि मोरीत कोंबला. शेत काठोकाठ भरलंय.”

“आणि इथलं भिजलं असतं तर?”

“हे पुढच्या वर्षी परत लावता आलं असतं.” तो घुटमळला. “तुम्ही शहरात गेल्या असतात… तर मी काय करणार होतो? मला तुम्ही हव्या आहात. अगदी सगळ्या प्रश्नांसकट.”

चौकशी खिडकीने पहिल्यांदाच प्रश्नाऐवजी उत्तर दिलं, “मीही तिठ्यावर डावीकडेच वळले की.”

कापणीला बाबांनी वरच्या शेतातली लोंबी तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. दाणे जागचे हलले नाहीत, फक्त कोंडा उडाला. त्यांनी पुन्हा फुंकलं. मग मोरीतून उपसलेल्या, चिंध्या झालेल्या रेनकोटाकडे एकदा आणि पोरीकडे एकदा पाहिलं.

“आत्याला कळव, दुकानात दुसरं कुणी बघ म्हणावं,” एवढं बोलून ते भारा उचलून निघाले.

तो रेनकोटाची भोकं मोजत उभा होता. “पुढच्या पावसात आता मी काय करायचं?”

“भाताला छत्री धरा,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्यावर मी धरते.”