झेल्याचे हात

शालूनं आयुष्यात खूप गाड्या पाहिल्या होत्या, पण सीटच नसलेली गाडी तिनं पहिल्यांदा पाहिली ती घरच्या माळावर. आणि तीही घळीत आडवी पडलेली!

खुलताबादचा घाट उतरला की उजव्या हाताला सूर्यभानचं बरड लागतं. नांगर घातला तर फाळ मोडेल असला काळा खडक, मधून ओढ्याची कोरडी घळ, कुसळी गवत आणि सीताफळाची झुडपं. सूर्यभानच्या शेळ्या सोडल्या तर त्या जमिनीचं कौतुक कुणालाच नव्हतं. सूर्यभानच्या गुडघ्यानं दगा दिल्यापासून त्याची बी.ए. झालेली लेकच शेळ्या राखायला येत होती. त्या सकाळी शालूनं घळीच्या कडेवरून वाकून पाहिलं, तर खाली एक उंचापुरा तरुण ती मोटारसायकल उभी करत होता. घामानं नुसता निथळत होता, पण चेहऱ्यावर राग नव्हता. धडपडलेल्या लेकराला उचलावं तसा तो त्या गाडीला उचलत होता.

"ओ गाडीवाले! सीट कुठं पाडून आले?"

त्यानं वर पाहिलं. "पाडली नाय, ताई. या गाडीला सीट नसतीच."

"मग बसायचं कशावर?"

"बसायचंच नाय. उभ्यानं चालवायची. असल्या दगडांवरून… पाय न टेकता."

"कशापायी?"

इतका सरळ प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. तो गडबडला. "खेळ आहे. ट्रायल्स म्हणत्यात."

"खेळा की. पण तिथून नाय चढायची. आमची चंद्री पण तिथून चढत नाय." शालूनं काठीनं दाखवलं. "त्या चपट्या दगडाला डावं घाला, मग उजवीकडून वर."

त्यानं शालूकडं पाहिलं, मग चंद्री नावाच्या त्या काळ्या शेळीकडं पाहिलं, आणि मुकाट्यानं गाडी चालू केली. डावं, मग उजवीकडून वर… आणि गाडी आली की सरळ कडेवर! शालूच्या पुढ्यात येऊन तो थांबला. पाय टेकला नाही. गाडी जागच्या जागी थरथरत उभी, त्यावर तो उभा, आणि वरून हसतोय.

"ताई, तुमची शेळी लई हुशार—"

"ताई नका म्हणू," शालू पटकन बोलून गेली. का बोलली, ते तिचं तिलाच कळलं नाही. मग उगाचच ती चंद्रीवर ओरडली.

त्याचं नाव खंडेराव, गाव लासूर स्टेशन. पुण्याच्या एका संघात बरीच वर्षं गाडी चालवून आता त्याला हा खेळ शिकवायचा होता, आणि त्यासाठी हवं होतं ते असलंच, कुणाला नको असलेलं रान. सूर्यभाननं जागा दिली ती एका अटीवर, शेळ्यांची वाट अडवायची नाही. शालूनं दाराआडून दुसरी अट घातली. "मला बी शिकवायचं."

"पडली म्हंजे?" बानाबाईनं, तिच्या आईनं, कपाळाला हात लावला.

"बारकी होती तवापासून पळती या दगडांवर," सूर्यभान म्हणाला. "पडायची असती तर तवाच पडली असती."

झालं. शहरातून रविवारी पोरं येऊ लागली. खुलताबादचे मेकॅनिक गयासचाचा पान्यांची पेटी घेऊन दगडावर ठाण मांडू लागले. या गाडीच्या टायरात हवा अगदी कमी भरतात, म्हणजे रबर दगडाला धरून राहतं. चाचा प्रत्येक नव्या पोराला सांगायचे, "हवा कम, हिम्मत जादा. समझे क्या?"

शालू भराभर शिकली. दगडांमधून फिती बांधून वाट आखायची, आधी ती पायी चालून बघायची, मग गाडीवरून जायचं. पाय टेकला की एक दोषगुण. दुसऱ्या कुणी गाडीला हात लावला, तर एकदम पाच. ज्याचे दोष कमी, तो जिंकला. अवघड दगडाखाली मात्र एक माणूस उभा असतो, कुणी खरंच कोसळलं तर सावरायला. माळावरची पोरं त्याला 'झेल्या' म्हणायची.

खंडेरावसारखा झेल्या दुसरा नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. पोरगं डगमगतंय, गाडी तिरकी होतेय, बघणाऱ्यांचे श्वास अडकलेत… आणि हा शांत! कोसळणं नक्की झाल्याशिवाय त्याचा हात हलत नसे. "डगमगणं म्हंजे पडणं नव्हं," तो म्हणायचा. "लौकर धरलं तर त्याची मेहनत आपण खाल्ली."

आणि मग त्याचा एक डाव होता. गाडी जागच्या जागी उभी ठेवायची आणि समोरच्यानं प्रश्न विचारायचा, पाय टेकायच्या आत खरं उत्तर द्यायचं. बोलताना तोल राहिला तर भीतीतही राहतो, असं खंडेरावचं म्हणणं. शालू गाडीवर उभी राहिली की तो विचारी—आज काय खाल्लं? चंद्रीला किती पिल्लं झाली? रात्री पडल्याचं स्वप्न पडतं का? ती खळाळून उत्तरं द्यायची. पण गाडीवर तो उभा राहिला आणि शालूनं विचारलं की…

"घरी लग्नाचं बघू राह्यले का तुमच्या?"

धप्प! पाय टेकलेला.

"आवडतं का कुणी?"

धप्प! एवढ्या मोठ्या खेळाडूचा तोल असा पुन्हा पुन्हा कसा जातो, याचं गयासचाचांना भारी कोडं पडायचं. "क्या मियाँ," ते पेटीवरून ओरडायचे, "नजर दगड पे रखो, किधर देखते रे!"

एकदा सराव संपवून शालू खाली बसली, तर तिच्या ओढणीभर कुसळं. ती एकेक उपटत होती. खंडेराव शेजारी येऊन बसला आणि ओढणीच्या दुसऱ्या टोकाची कुसळं काढू लागला. बोटं मोठी, पण कापड जरा म्हणून ओढलं जात नव्हतं. दोघांमध्ये एक पिकलेलं सीताफळ फोडून ठेवलेलं होतं, ते खायचं दोघंही विसरले. शालूला वाटलं, कुसळं संपूच नयेत. मनातलं आपलं मनात. पण वाटलं खरं.

दिवाळीनंतर पुण्याहून पंच आले. मुलींचा संघ निवडायचा होता, आणि त्या संघात जाणं हे आता शालूचं एकच स्वप्न होतं. शेळ्यांमागची शालू नाही, गाडीवरची शालू… लोकांनी असं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. नेमकी त्या सकाळी बेमोसमी भुरभुर सुरू झाली. काळा खडक तेल लावल्यासारखा चमकू लागला. शेवटचा दगड होता टकल्या. गोल, गुळगुळीत, पुरुषभर उंच. त्याच्याखाली झेल्या म्हणून खंडेराव.

शालू तिथवर एकदाच पाय टेकून आली होती. तिनं टकल्यावर गाडी घातली. पुढचं चाक माथ्यावर पोचलं, मागचं जरा घसरलं. शालूला ते घसरणं पोटरीत कळलं, तिनं वजन पुढं टाकलं, रबर दगडाला धरू लागलं… आणि तेवढ्यात खालून एका हातानं तिच्या गाडीचं मडगार्ड घट्ट पकडलं.

पंचानं हात वर केला. पाचही बोटं उघडी.

खंडेराव तर स्वतःच्या हाताकडंच बघत राहिला. संघातली जागा शहरातल्या एका मुलीला गेली.

शालूनं हेल्मेट काढलं. चेहऱ्यावर पाऊस होता, की आणखी काही, कुणास ठाऊक. "बाकीच्यांच्या टायमाला दगडासारखे उभे राहता. माझ्याच टायमाला भरवसा आटला?"

"दगड ओला होता, शालू…"

"दगड समद्यांनाच ओला होता," ती म्हणाली आणि चालू लागली.

नंतर ती शेळ्या घेऊन डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जाऊ लागली. चंद्री मात्र संधी मिळाली की घळीकडं पळायची, आणि शालूला तिच्यामागं कडेपर्यंत जावं लागायचं. खाली पोरं सराव करत असायची. टकल्याखाली झेल्या म्हणून गयासचाचा उभे असायचे. खंडेराव लांब, हात खिशात घालून. त्याला तसं बघून तिला बरं वाटायला हवं होतं, पण छे! आतून तुटायचंच.

एका संध्याकाळी तो घरी आला. सूर्यभानसमोर खाली मान घालून उभा राहिला.

"मामा, चूक माझी होती, पोरीची नाय. पंचांना मी तेच सांगितलं. संघात अजून एक जागा भरायची हाय. संक्रांतीनंतर चाचणी, हितंच. शालूला येऊ द्या. खाली चाचा उभे राहतील, मी नाय."

सूर्यभान काही बोलायच्या आत चुलीपासून आवाज आला. "झेल्या हेच पाहिजेत."

खंडेरावनं वर पाहिलं. शालू भाकरी थापत होती, मान न वळवता. "पण हात मागं. मी सांगितल्याशिवाय पुढं यायचे नाय."

"आणि पडलीस तर?"

"तर पडले."

मग तसाच सराव सुरू झाला. तो दगडाखाली उभा, हात पाठीमागं एकमेकांत गुंतवलेले. एकदा ती खरंच पडली. कोपर सोललं. धूळ झटकून उठली तर समोर खंडेराव तसाच, हात मागं, पण डोळे गच्च मिटलेले. शालूच्या मनातला उरलासुरला राग तिथंच विरघळला, पण तिनं तसं दाखवलं नाही.

"डोळे उघडे ठेवायचे," ती म्हणाली. "अट फक्त हातांची हाय."

संक्रांतीनंतरची ती सकाळ कोरडी आणि थंड होती. गुडघा दुखत असतानाही सूर्यभान शेळ्या घेऊन घळीच्या कडेला येऊन उभा राहिला होता. शालूनं वाट पायी चालून पाहिली. चालता चालता टकल्यापाशी थांबली, दगडावर हात ठेवला, खंडेरावकडं पाहिलं. त्यानं हात मागं नेले.

मग गाडी. चपटा दगड डावीकडून, मग उजवीकडून वर, ओढ्यातले गोटे, आणि टकल्या. पुढचं चाक माथ्यावर. मागचं चाक घसरलं, अगदी तसंच! खंडेरावचे खांदे थरथरले. शालूनं वजन पुढं टाकलं… रबरानं दगड धरला… आणि गाडी वर. माथ्यावरची शेवटची, वाट संपल्याची झेंडी मागं पडली.

पंचानं हात वर केला. मूठ बंद. एकही दोष नाही!

गयासचाचांनी आनंदानं पाना हवेत फेकला आणि स्वतःच त्याच्यापासून पळाले. शालू संघात आली होती. पण ती गाडीवरून उतरेना. टकल्याच्या माथ्यावर, जागच्या जागी, तोल धरून उभी. खंडेराव धावत मागच्या बाजूनं वर आला. हात अजून पाठीमागंच.

"जिंकलीस! उतर आता."

"नाय उतरत. डाव खेळायचा."

"आत्ता?"

"आत्ता. या वेळी पाय माझे, अन् प्रश्न पण माझा. पाय टेकायच्या आत उत्तर द्यायचं." गाडी जराशी डुलली. "त्या दिवशी का धरलं?"

"दगड—"

"दगडाचं नाव घेतलं तर गाडी अंगावर घालीन."

खालून कुणीतरी शिट्टी मारली. शालूच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, पुढचं चाक थरथरत होतं.

"लौकर बोला, नायतर मी टेकवते… मग आयुष्यभर विचारायची नाय."

"थांब! थांब…" त्यानं श्वास घेतला. "इतकी पोरं झेलली मी. कुणाच्या टायमाला हात आधी गेला नाय. तुझ्यावर भरवसा होता, सगळ्यांपेक्षा जास्त होता. माझ्यावरच नव्हता. हिला काही झालं तर मी काय करू… एवढंच आलं डोक्यात." त्याचा आवाज बारीक झाला. "दगड ओला होता म्हणून नाय धरलं, शालू. तू होतीस म्हणून धरलं."

गाडी एकदम डावीकडं कलली. त्याचं सगळं अंग पुढं झुकलं, पण हात मात्र मागंच राहिले. शालूनं कशीबशी गाडी सावरली. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते.

"हात…" त्यानं विचारलं, "अजून मागंच ठेवायचे का?"

शालूनं मान वळवून मागं पडलेली झेंडी पाहिली. "वाट संपली की. आता धरलं तर दोष नाय लागत."

खंडेरावचे हात पुढं आले. हँडलवर, तिच्या बोटांवर. घट्ट नाही, जेवढे हवेत तेवढेच.

घळीच्या कडेवरून सूर्यभाननं हे सगळं पाहिलं, आणि तोंड फिरवून शेळ्या मोजायला लागला. मोजून झाल्या, तरी त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आणि इकडं टकल्यावर शालूनं पाय टेकायची मुळीच घाई केली नाही.